ढेप गव्हाणीत, भूक मेंदूत

(दृश्य: नागपूरच्या बाहेर, हिंगणा रस्त्यालगतचा एक गोठा. संकरित गाय, शेजारी आठवड्याचं वासरू. गव्हाणीत उरलेली ढेप.)

गाय व्यायली त्याला आठवडा झाला. दूध रोज थोडंथोडं चढतंय. कॅन भरतोय, मालक खूश आहे. फक्त एक गोष्ट त्याला खटकते. सरकीची ढेप अर्धी तशीच पडून आहे. तुरीचं कुटार हुंगून बाजूला सारलंय. दूध वाढतंय म्हणजे भूकही वाढायला हवी, हा साधा हिशोब. तो इथे जुळत नाही.

मग कोणी म्हणतं ढेप खराब आहे, कोणी म्हणतं नजर लागली, आणि कोणी दुकानातून भुकेची पावडर आणतो. पावडरीचा उपयोग कधी होतो, कधी नाही. पण जनावरानं खायचं की नाही, हे नक्की ठरतं कुठे?

(दृश्य: रवंथ करणाऱ्या गाईचा चेहरा, जवळून.)

ठरतं मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या छोट्याशा भागात. तिथे काही पेशी भूक चेतवतात, काही ती शमवतात. दोन्हींना शरीरभरातून निरोप येत असतात. जठरातून येतात, आतड्यातून येतात, स्वादुपिंडातून येतात, अगदी कातडीखालच्या चरबीतूनही येतात. हे निरोप म्हणजेच संप्रेरकं, आपण ज्यांना सर्रास हार्मोन म्हणतो ती.

गोठ्यात हार्मोन हा शब्द काढला की पहिल्यांदा आठवतं ते पान्हा सोडायचं इंजेक्शन. ते ऑक्सिटोसिन. त्याचं काम वेगळं आणि त्याच्या गैरवापराची गोष्टही वेगळी. ती आज बाजूला ठेवू.

भुकेचा निरोप्या सापडला 1999 साली. जपानमध्ये मासायासु कोजिमा आणि केन्जी कांगावा यांना उंदराच्या जठरात 28 अमिनो आम्लांची एक साखळी मिळाली. शोध चालला होता वाढीचा संप्रेरक कोण सोडवून घेतो याचा. सापडलेला पदार्थ ते काम करत होताच, शिवाय भूकही लावत होता. त्याचं नाव घ्रेलिन. एकाच पदार्थाच्या हातात भूक आणि वाढ या दोन्ही दोऱ्या असाव्यात, हे पशुपालकाच्या दृष्टीनं फार मोलाचं आहे.

नागपुरातल्या सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात 1958 पासून विद्यार्थी गाईच्या पोटाचे चार कप्पे शिकत आलेत. त्यातला चौथा, खरं पोट म्हणतात तो, गाई-म्हशींत घ्रेलिनचं मुख्य ठिकाण. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की चाऱ्याची वेळ ठरलेली असली तर ती वेळ जवळ येताच रक्तात घ्रेलिन चढतं आणि चारा खाल्ला की उतरतं. घड्याळाच्या काट्यावर वैरण टाकणारी जुनी गवळी माणसं हे नाव न घेताच पाळत आलीत. आज सहाला, उद्या साडेआठला, असा कारभार असला की ही तयारी विस्कटते.

दुसरा निरोप चरबीतून निघतो. तो लेप्टिन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूनं 1994 साली त्याचा जनुक शोधला. अंगावर चरबी भरपूर असेल तर लेप्टिन जास्त. त्याचा सांगावा असा, की साठा आहे, खाण्याची घाई नको.

आता परत त्या व्यायलेल्या गाईकडे येऊ.

एक लिटर दूध तयार करायला गाईला साधारण 70 ग्रॅम ग्लुकोज लागतं. ते चाऱ्यातून थेट मिळत नाही, कारण कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, जीवाणू साखर, पिष्ट आधीच आंबवून टाकतात. त्या आंबवण्यातून जी आम्लं मिळतात, त्यातल्या प्रोपिओनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज बनवतं. म्हणजे वीस लिटरच्या गाईचं यकृत केवळ दुधासाठी दिवसाला जवळपास दीड किलो ग्लुकोज तयार करतं. आणि दूध शिखरावर पोचतं व्यायल्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी, खाणं मात्र त्याच्याही मागून, दहा-बारा आठवड्यांनी.

ही मधली तूट भरून काढायची तर अंगावरची ठेव मोडावी लागते. त्याची तजवीज संप्रेरकं करतात. मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून वाढीचा संप्रेरक जोरात सुटतो. एरवी त्याच्या सांगण्यावरून यकृत आयजीएफ-1 नावाचा दुसरा संप्रेरक बनवतं आणि तो उलट निरोप देऊन पहिल्याला आवरतो. व्यायल्यानंतर मात्र यकृत काही आठवडे हे ऐकेनासं होतं. आयजीएफ-1 घटतो, लगाम सुटतो, वाढीचा संप्रेरक चढाच राहतो आणि चरबी वितळायला लागते. इन्सुलिन खाली असतं, म्हणून स्नायू ग्लुकोज फारसं उचलत नाहीत. कासेला मात्र ग्लुकोज घ्यायला इन्सुलिनची गरजच नसते. सगळा ओघ तिकडे.

मला यात गाईची लबाडी दिसत नाही आणि आजारही दिसत नाही. वासरू जगवायची ही जुनी सोय आहे. आपण दुधाचं प्रमाण वासराच्या गरजेपलीकडे नेलं, म्हणून ती ताणली गेली.

ताण कुठे तुटतो? वितळलेली चरबी यकृतात येते. प्रमाणात असली तर वापरली जाते. जास्त झाली की यकृतात साठते आणि कीटोन नावाची द्रव्यं तयार होतात. मग श्वासाला गोडसर वास येतो, दूध एकदम उतरतं, गाय आंबोण सोडून नुसता कडबा चघळते. कीटोसिस तो हाच.

आणि इथे आपल्याकडची एक आवड आडवी येते. गाभण जनावर गुबगुबीत असलं की मालकाला अभिमान वाटतो. पण व्यायच्या वेळी फार माजलेली गाय व्यायल्यानंतर सगळ्यात कमी खाते आणि सगळ्यात जास्त चरबी वितळवते. अंगावरच्या चरबीला पाचपैकी गुण द्यायचे, तर तीन ते साडेतीन गुणांची अंगकाठी पुरे. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांत भरू नयेत. गाय भाकड असतानाच हे बघायचं असतं. ती व्याल्यावर पावडर शोधण्यात अर्थ नाही.

(दृश्य: चीक पिणारं वासरू. मग सहा-सात महिन्यांची वगार.)

वाढीचं म्हणाल तर ती सुरू होते चिकापासून. चिकात नुसती रोगप्रतिकारक द्रव्यं नसतात. आयजीएफ-1 आणि इन्सुलिनही असतात, नंतरच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त, आणि वासराचं आतडं तयार व्हायला त्यांचा हातभार लागतो. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक पहिल्या दिवसात पोटात जायला हवा, त्यातला पहिला वाटा तासा-दोन तासांत. जार पडेपर्यंत थांबायची रीत अजून काही घरांत आहे. ती सोडावी.

पुढे कालवड किंवा वगार माजावर कधी येते हे वयापेक्षा वजनावर ठरतं. चरबी पुरेशी झाली की लेप्टिन मेंदूला तसं कळवतं आणि तेव्हा कुठे प्रजननाची संप्रेरकं जागी होतात. पूर्ण वाढलेल्या जनावराच्या 60 ते 65 टक्के वजन झालं की ती भरवायची. अर्धपोटी वाढवलेली वगार उशिरा माजावर येते, आणि दोष तिच्या वाणाला दिला जातो.

(दृश्य: मे महिना. दुपारचा रस्ता, ओसाड. गोठ्याला बांधलेले ओले बारदान.)

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपुरात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. 23 मे 2013 रोजी तो 47.9 अंशांवर गेला होता. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आंबवण्याची उष्णता आधीच असते, खाल्ल्यावर तीन-चार तासांत ती टोकाला जाते. म्हणून शरीर भट्टी मंद करतं. थायरॉइडची संप्रेरकं उतरतात, भूक उतरते.

पण उन्हाळ्यात दूध तुटतं त्यातला निम्म्याच्या आसपासच भाग कमी खाण्यानं समजतो. उरलेल्याचं कारण चमत्कारिक आहे. व्यायलेली गाय उपाशी असताना चरबी वितळवते. तापलेली गाय उपाशी असूनही वितळवत नाही. तिच्यात इन्सुलिन वर जातं आणि ठेव कुलूपबंद होते. म्हणजे दुधासाठी ना चारा, ना चरबी. म्हशीचं आणखी अवघड. काळी कातडी आणि घामाच्या ग्रंथी कमी, डुंबायला पाणी हवंच.

उपाय औषधाच्या दुकानात कमी आणि वेळापत्रकात जास्त आहे. मोठी वैरण रात्री आणि पहाटे, दुपारी नुसती सावली, पाणी. आपल्या मेमधल्या कोरड्या हवेत कूलर, ओलं बारदान छान चालतं. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर कुचकामी, तेव्हा पंख्याचा वारा महत्त्वाचा.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. वाढीचा संप्रेरक थेट टोचला तर?

टोचून पाहिलंय. 1937 मध्ये सोव्हिएत रशियात गाईंना पीयूषिकेचा अर्क दिला, दूध वाढलं. पुढे जीवाणूंकडून हा संप्रेरक बनवता येऊ लागला आणि अमेरिकेनं 1993 साली त्याला परवानगी दिली. कॅनडानं 1999 मध्ये नाकारला, युरोपनंही दार बंद केलं. मुख्य कारण गाईंच्या प्रकृतीचं, कासदाह आणि लंगडेपणा. दूध वाढलं ते साधारण 10 ते 15 टक्के, तेही भरपेट खाणाऱ्या गाईंत.

(दृश्य: चिकनचं दुकान, संध्याकाळ.)

आणि कोंबड्या? हार्मोन टोचून फुगवतात, असं नागपुरात कुठल्याही दुकानासमोर ऐकायला मिळतं. तसं नाही. वाढीचा संप्रेरक प्रथिन आहे, खाद्यातून दिला तर पोटात पचून जातो. हजारो पक्ष्यांना रोज सुई टोचणं कोणाला परवडणारं नाही, आणि टोचूनही ब्रॉयलरची वाढ फारशी बदलत नाही. कोंबडी घ्रेलिनच्या बाबतीतही उफराटी आहे. गाईला, उंदराला भूक लावणारा तो निरोप कोंबडीच्या पिल्लाची भूक मारतो. एका प्राण्याचं औषध दुसऱ्याला चालवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

मग एवढं वजन आलं कुठून? निवडीतून. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठानं 1957 सालचा वाण आणि 2005 सालचा वाण एकाच खाद्यावर शेजारीशेजारी वाढवले. 56 दिवसांत जुना पक्षी 905 ग्रॅमचा झाला, नवा 4,202 ग्रॅमचा. पिढ्यानपिढ्या जो जास्त खाईल आणि लवकर वाढेल तोच पुढे ठेवला. त्यात पोट भरल्याची खूण पुसट होत गेली. म्हणून ब्रॉयलरच्या आई-बापांना पोटभर खाद्य सहसा देत नाहीत. ते तोलून देतात, कारण मोकळं सोडलं तर ते खातच राहतात, अंगानं सुटतात आणि अंडी घटतात.