दोनशे मतांची पेटी

मित्रहो, आज मला मालदीवच्या एकाच निवडणुकीबद्दल बोलायचं आहे. 9 मे 2009 रोजी झालेली मजलिसची निवडणूक. मजलिस म्हणजे तिथली संसद.

त्या देशात पक्ष काढायची मुभाच मुळी जून 2005 मध्ये मिळाली. 1978 पासून सत्ता मौमून अब्दुल गयूम यांच्या हाती होती. राष्ट्राध्यक्षपदासाठी लोकांपुढे एकच नाव यायचं आणि त्यांनी हो किंवा नाही एवढंच सांगायचं. ऑगस्ट 2008 मध्ये नवी राज्यघटना आली, आणि ऑक्टोबरमध्ये मोहम्मद नशीद यांनी, गयूम यांच्या राजवटीत तुरुंग भोगलेल्या माणसाने, दुसऱ्या फेरीत त्यांचा पराभव केला. मजलिसची निवडणूक झाली ती त्यानंतर सहा महिन्यांनी.

जागा 77, मतदार दोन लाखांहून थोडे अधिक. म्हणजे एका खासदारामागे जेमतेम अडीच-पावणेतीन हजार मतदार. आपल्याकडे एवढ्या मतांवर गावचा सरपंच ठरतो, तिथे देशाचे कायदे करणारा माणूस ठरतो. घटनेनेच तसं बांधून दिलंय: प्रत्येक अटोलला किमान दोन जागा आणि पहिल्या पाच हजारांनंतर दर पाच हजार वस्तीला आणखी एक. (अटोल म्हणजे प्रवाळ बेटांचा समूह; हा शब्द जगाला तिथल्या धिवेही भाषेनेच दिला.)

आता माणसं राहतात कुठे ते पाहा. कामासाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी निम्मं बेट राजधानी माले शहरात आलेलं असतं, पण नाव मात्र मूळ बेटावर. म्हणून मालेत दूरदूरच्या मतदारसंघांच्या पेट्या ठेवाव्या लागतात. रिसॉर्टवर राबणाऱ्यांसाठी तिथेही पेट्या असतात.

मला काळजी वाटते ती या छोट्या पेट्यांची. मोजणी केंद्रावरच होते, पेटीनिहाय. समजा, एका बेटावर दोनशे मतं आहेत. कोण कोणाचा मेहुणा, कोणाची होडी कोणाच्या कर्जावर, हे सगळ्यांना ठाऊक. आकडा जाहीर झाला की संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर हिशोब लागतो: आपली इतकी धरली होती, तीन कुठे गेली? मत विकत घेणाऱ्यालाही हाच आकडा उपयोगी पडतो, आणि मतांच्या खरेदीची तक्रार तिथे प्रत्येक निवडणुकीत ऐकू येते. आपल्याकडे कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या मतपत्रिकांची सरमिसळ करून मोजणी करता येत असे. यंत्रं आली आणि कोणत्या वस्तीने काय केलं ते उघडं पडू लागलं. त्यामुळे हा प्रश्न परका मानू नका.

निकालाचं थोडक्यात सांगतो. नशीद यांच्या पक्षाला सर्वांत जास्त मतं मिळाली, पण जागा 26. गयूम यांच्या पक्षाला 28. अपक्ष तब्बल तेरा, कारण इतक्या लहान मतदारसंघात घराणं आणि ओळख पक्षाच्या चिन्हाला सहज मागे टाकते. राष्ट्राध्यक्ष एका बाजूचा, मजलिस दुसऱ्या बाजूची, आणि मंत्र्यांच्या नेमणुकीला मजलिसची संमती आवश्यक. जून 2010 मध्ये, मजलिस काम करू देत नाही असं म्हणत, अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामे दिले. फेब्रुवारी 2012 मध्ये नशीद यांनाही पद सोडावं लागलं. बंदुकीच्या धाकाने सोडायला लावलं, असं ते पुढे म्हणाले.

तरीही 2014, 2019 आणि 2024 मध्ये मजलिससाठी पुन्हा मतदान झालं. 2024 मध्ये तर एक पेटी आपल्या तिरुवनंतपुरमलाही होती.