ट्रान्सफॉर्मरची झोप

मंडळी, नमस्कार. आत येण्यापूर्वी वाचनालयाच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर मी थोडा वेळ पाहत उभा होतो. पाटीवर त्याची क्षमता १०० केव्हीए लिहिली आहे. आज बोलायचं आहे ते त्या पेटीविषयीच.

विजेवरच्या गाड्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, एवढी वीज आणणार कुठून? गोव्यात मोठं वीजनिर्मिती केंद्र नाही. आपल्या वाट्याची वीज कोल्हापूरच्या बाजूने आणि कर्नाटकातल्या आंबेवाडीकडून उच्च दाबाच्या तारांवरून येते. नव्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवरून, तिच्या वाटेतल्या मोलेच्या जंगलावरून आपल्याकडे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण वीज गोव्यात पोचल्यावर आपल्या वाड्यावर येते ती या एवढ्याशा पेटीतून, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. कुळागरात, म्हणजे आपल्या माड-पोफळीच्या बागेत, ओहळाला पाणी कितीही असो, आपल्या झाडांना मिळतं ते पाटात मावेल तेवढंच.

हिशेब सोपा आहे. १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर एका फेजवर, म्हणजे त्यातून निघणाऱ्या तीन तारांपैकी एकीवर, साधारण १४० अँपिअर देतो. गाडीसोबत घरी बसवतात तो ७.२ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअरच्या आसपास घेतो. एकाच फेजवर असे चार चार्जर एकदम लागले की १२५ अँपिअरच्या वर गेलो. मग फ्रिज, पंखे, एसी, पंप यांनी कुठे जायचं? आणि हे चारजण एकदमच लावतात. संध्याकाळी सात-साडेसातला माणूस कामावरून येतो, गाडीला प्लग लावतो आणि आत जातो. त्याच वेळी घराघरांत दिवे लागलेले, मिक्सर फिरतोय. छपरावरची सौर वीज तर मावळतीबरोबर संपलेली. चतुर्थीच्या दिवसांत मुंबई-पुण्याहून माणसं आली की डीओ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज, कसा उडतो, हे इथे कोणाला सांगायला नको. ती स्थिती रोज संध्याकाळी आली तर काय होईल, याचा विचार करा.

"मग रात्री बारानंतर चार्ज करू," असं लोक म्हणतात. संध्याकाळपेक्षा ते बरंच. पण इथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ट्रान्सफॉर्मर दिवसभर तापतो आणि रात्री निवतो. आतलं तेल थंड होतं, तारेभोवतीच्या कागदी वेष्टनाला विसावा मिळतो. ही त्याची झोपच. कायमचं तापमान सुमारे ६ अंशांनी वाढलं की त्या कागदाचं आयुष्य निम्म्यावर येतं. सगळ्या गाड्या मध्यरात्रीच लागल्या तर ती झोप मोडते. पेटी एका रात्रीत जळत नाही, पण जी पंचवीस वर्षं टिकायची ती खूप आधी जाते.

म्हणून मी पुनःपुन्हा सांगतो, मोठा चार्जर घेऊ नका. गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. फोंड्याहून पणजीला जाऊन येणाऱ्याला दिवसाला नऊ-दहा युनिट पुरतात. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर तीन-साडेतीन तासांचं ते काम. ७ किलोवॅटचा चार्जर म्हणजे नारळाच्या एका झाडासाठी अख्खा पाट फोडणं.

आता छपराकडे येऊ. फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली. ३ किलोवॅटला ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे. पॅनल बसवा, मी मनापासून सांगतो. निरभ्र दिवशी त्यातून बारा युनिट मिळतात. मात्र दोन गोष्टी समजून घ्या. दुपारी घरात कोणी नसतं, वीज पोलवर जाते. एकाच लाइनवर सात-आठ छपरं वीज ढकलू लागली की शेवटच्या घराकडे व्होल्टेज चढतं, २५०च्या पुढे गेलं की पॅनलची वीज लाइनला जोडणारा इन्व्हर्टर स्वतःच थांबू लागतो. म्हणजे संध्याकाळी व्होल्टेज डिम आणि दुपारी जास्त, तेही त्याच तारेवर. दुसरी गोष्ट, लाइट गेली की बॅटरी नसलेला सौर संचही बंद पडतो. लोक चिडतात, "ऊन आहे ना, मग?" अहो, चुडत, माडाची झावळी, पडून तार तुटलेली असते, लाइनमन पोलवर चढलेला असतो. तुमच्या छपरावरून त्या तारेत वीज गेली तर तो माणूस जीव गमावेल. मी आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना शिकवलं. त्यांतले कितीतरी आज पावसात पोलवर चढतात. इन्व्हर्टरचं हे थांबणं मला फार मोलाचं वाटतं.

दुपारचं जास्त आणि संध्याकाळचं कमी, यांची सांगड घालायची तर गाडी दुपारी चार्ज झाली पाहिजे. पण दुपारी ती असते कुठे? वेर्णा, कुंडई, मडकईच्या औद्योगिक वसाहतींत, पणजीच्या कचेऱ्यांबाहेर, उन्हात तापत. तिथे शेड घाला, शेडवर पॅनल टाका, खाली १५ अँपिअरचे साधे सॉकेट द्या. महागड्या जलद चार्जरपेक्षा असे शंभर सॉकेट मला जास्त उपयोगाचे वाटतात. केंद्राने २०२३मध्ये नियमांत बदल करून दिवसा स्वस्त, संध्याकाळी महाग अशा दराची तरतूद केली आहे. स्मार्ट मीटर लागल्यावर घरगुती ग्राहकांनाही ती लागू करायची, असं त्या नियमांत आहे. पावसाळ्याचे चार महिने मात्र वेगळे धरा. झड लागली की पॅनलच्या बारा युनिटांचे तीन-चारच होतात.

अर्थिंगचं थोडक्यात. आपला जांभा चैत्र-वैशाखात कोरडा ठणठणीत होतो, अर्थिंग कमजोर होतं आणि चार्जर सुरूच होत नाही. लोक गाडीला दोष देतात. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला, तपासणी करून घ्या.

आमच्या वाड्यावर एकाच ट्रान्सफॉर्मरवर एकतीस घरं आहेत. गेल्या पावसाळ्यानंतर मी एक वही केली. कोणाचं घर कोणत्या फेजवर, हे लाइनमनला विचारून लिहिलं. गाडी कोणाकडे, पॅनल कोणाकडे, एसी किती. अकरा घरांचे एसी एकाच फेजवर निघाले. अर्ज दिला, त्यांतल्या चार घरांच्या जोडण्या दुसऱ्या फेजवर गेल्या. दोन गाडीवाल्यांनी वेळा ठरवल्या, एक रात्री अकराला लावतो, दुसरा दोनला. निवृत्त माणसं स्कूटर दुपारीच लावतात. कुळागरात पाण्याची पाळी लावतात, तशी. वही मी सोबत आणली आहे. कोणाला तक्ता उतरवून घ्यायचा असेल तर इथे टेबलावर ठेवतो.