पाचशे गुरे आणि एक सही

श्रोतेहो, नमस्कार.

स्मारक हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांसमोर चौथरा, पुतळा आणि भोवतीचे लोखंडी कुंपण उभे राहते. हल्ली तर पुतळा किती फूट उंच, यावरच स्मारकाची थोरवी ठरते. मला स्वतःला ही फूटपट्टी कधीच पटलेली नाही. अमेरिकेत मात्र राष्ट्रीय स्मारक म्हणजे एखादी अख्खी दरी किंवा लाखो एकरांचे पठारही असू शकते आणि ते जाहीर करायला राष्ट्राध्यक्षांची एक सही पुरते. जमीन संघराज्य सरकारच्या मालकीची असली पाहिजे, एवढे मात्र खरे. हा अधिकार त्यांना १९०६ च्या अँटिक्विटीज अ‍ॅक्टने, म्हणजे पुरावशेषांविषयीच्या कायद्याने दिला. प्राचीन वस्त्या उकरून भांडीकुंडी पळवणाऱ्यांना आळा घालणे हा त्याचा मूळ हेतू होता. संरक्षणासाठी लागेल तेवढीच, कमीत कमी जमीन घ्यावी, अशी अटही त्यात आहे. कमीत कमी म्हणजे किती, हे मात्र कायदा सांगत नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०८ मध्ये ग्रँड कॅनियनचे आठ लाखांहून अधिक एकर या कायद्याखाली घेतले आणि १९२० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती वायोमिंग राज्यातील जॅक्सन होल या खोऱ्याची. टेटन पर्वतरांगेच्या पायथ्याशी हे खोरे पसरलेले आहे, मधून स्नेक नदी वाहते आणि दोन्ही बाजूंना गुरांची कुरणे आहेत. १९२६ मध्ये धनाढ्य जॉन रॉकफेलर कनिष्ठ तेथे सहकुटुंब गेले, खोऱ्याच्या प्रेमात पडले, आणि हे सारे विकत घेऊन राष्ट्राला अर्पण करावे असे त्यांनी मनाशी ठरवले. परंतु घेणारा रॉकफेलर आहे हे कळले असते, तर जमिनीचे भाव रातोरात चढले असते. म्हणून स्नेक रिव्हर लँड कंपनी या साध्यासुध्या नावाने खरेदी सुरू झाली, आणि जमीन नेमकी कोणाच्या घशात जाते आहे हे विकणाऱ्यांना ठाऊकच नव्हते. बिंग फुटले तेव्हा खोऱ्यात संतापाची लाट उसळली. पुढे गंमत अशी झाली, की सुमारे पस्तीस हजार एकर जमीन फुकट मिळत असूनही वायोमिंगच्या विरोधामुळे ती घेण्याचा मार्ग वर्षानुवर्षे अडून राहिला. अखेर १९४२ मध्ये रॉकफेलर यांनी सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री हॅरॉल्ड इकेस यांना कळवले, की सरकारला नको असेल तर मी जमीन विकून टाकतो. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १५ मार्च १९४३ रोजी सही केली, आणि सुमारे २ लाख २१ हजार एकरांचे जॅक्सन होल राष्ट्रीय स्मारक कागदावर उतरले.

मे महिन्यात पशुपालकांनी पाचशेहून अधिक गुरे जमवली आणि परवानगी न घेता ती सरळ स्मारकाच्या हद्दीतून हाकत नेली. बंदुका बाळगलेल्या या घोडेस्वारांत चित्रपटनट वॉलेस बिअरी हेही होते. घोड्यावर चढायला त्यांना शिडी लागली, असे सांगतात. आंदोलनात नट आला की वर्तमानपत्रे मूळ मागणी विसरतात, हे माझे जुने मत आहे, आणि येथेही तसेच घडले. अधिकाऱ्यांनी मात्र कोणालाही अडवले नाही. गुरे गेली, धूळ उडाली, छायाचित्रे छापून आली.

तथापि त्या धुळीमागचे गाऱ्हाणे पोकळ नव्हते. जमीन सरकारजमा झाली की तिच्यावरचा स्थानिक कर बुडतो, आणि त्या विरळ वस्तीच्या जिल्ह्याला ते परवडणारे नव्हते. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, स्मारक रद्द करणारे विधेयक मंजूर केले. १९४४ च्या अखेरीस रूझवेल्ट यांनी ते रोखले. मग काँग्रेसने स्मारकाच्या व्यवस्थापनाचा पैसाच अडवला. शेवटी १९५० मध्ये तडजोड झाली. बरीचशी जमीन ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानात गेली, बुडालेल्या कराची काही वर्षे भरपाई ठरली, आणि यापुढे वायोमिंगमध्ये काँग्रेसच्या संमतीवाचून राष्ट्राध्यक्षांनी नवे स्मारक करू नये, असे कलम घातले गेले. ते कलम आजही लागू आहे. गुरे हाकणाऱ्यांत क्लिफर्ड हॅन्सन नावाचा तरुण होता. तो पुढे वायोमिंगचा राज्यपाल आणि सिनेटर झाला, आणि आपण त्या लढ्यात हरलो हे बरेच झाले, असे त्याने उघडपणे मान्य केले.

आजचा वाद एक पायरी पुढचा आहे. एका सहीने केलेले स्मारक दुसऱ्या सहीने मोडता येते का? पुन्हा सांगतो, करता येते हे कायद्यात लिहिले आहे. मोडता येते का, यावर कायदा गप्प आहे. युटामधील बेअर्स इअर्स हे अनेक आदिवासी जमातींना पवित्र असलेले क्षेत्र ओबामा यांनी २०१६ मध्ये साडेतेरा लाख एकरांचे स्मारक केले, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये त्यातील सुमारे ८५ टक्के भाग वगळला, आणि बायडन यांनी २०२१ मध्ये तो परत जोडला. राष्ट्राध्यक्षांना स्मारक रद्द करता येत नाही, असे तेथील महान्यायवादींचे १९३८ चे मत होते. २०२५ मध्ये महान्यायवादींच्याच न्याय विभागाने ते मत चुकीचे ठरवले. मधल्या काळात कायद्याचा मजकूर होता तोच राहिला आहे.

नमस्कार.