रेट सिंड्रोम: “पण आमच्या घराण्यात कुणालाच नाही!”

नमस्कार मंडळी. रेट सिंड्रोमवरच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न चाळीस वेळा आलाय: “ताई, जेनेटिक म्हणता, पण आमच्या घराण्यात कुणालाच नाही.” तर आज तेवढंच बोलू.

आधीचं भरभर सांगते. रेट सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीचा आजार. मुलगी सहा ते अठरा महिन्यांपर्यंत बरी वाढते, मग आलेले शब्द जातात, हातातलं बिस्कीट निसटतं, आणि ओला फडका पिळावा तसे हात पिळत बसते. व्हिएन्नाच्या डॉक्टर आंद्रेयास रेट यांनी १९६६ मध्ये हे लिहून ठेवलं. १९९९ मध्ये शास्त्रज्ञ हुदा झोगबी यांच्या प्रयोगशाळेत कारण सापडलं: एक्स गुणसूत्रावरच्या एमईसीपी-टू या जनुकात झालेला बदल. दहा हजार मुलींत साधारण एकीला हा आजार होतो. झालं.

आता खरी गाठ. जेनेटिक म्हणजे जनुकात बदल झालेला; तो आनुवंशिक, म्हणजे घराण्यातून आलेला, असेलच असं नव्हे! तलाठ्याकडे मूळ सातबारा बरोबर असतो, नक्कल उतरवताना ‘पाटील’चं ‘पाटोळे’ होतं. मूळ कागदात काही खोट आहे का? नाही ना. तसंच आईबाबांचं जनुक बरोबर असतं, बाळासाठी नक्कल होताना चुकतं.

नाही पटलं? मग आईबाबांचं रक्त तपासा. बहुतेक घरांत दोघांतही तो बदल सापडत नाही.

अजूनही नाही? मग हे ऐका. हा बदल बहुतेकदा वडिलांच्या शुक्रपेशी तयार होताना घडतो. वडिलांचं एक्स जातं फक्त मुलीकडे, मुलाला मिळतं वाय. म्हणून रुग्ण बहुतेक मुलीच.

समुपदेशनाला आलेल्या एका आजींनी मला विचारलं होतं, “सुनेच्या माहेरी कुणाला होतं का हो?” सून शेजारीच बसलेली, पर्सच्या चेनशी चाळा करत. मी हा सातबारा तेव्हाच पहिल्यांदा वापरला. आता कुणीतरी लिहिणार, “म्हणजे चूक बापाची!” अहो, चूक कुणाचीच नाही, नक्कल चुकली! आणि नात्यातल्या लग्नाचाही इथे संबंध नाही.

आईबाबांच्या रक्तात बदल सापडला नसेल, तर पुढच्या बाळाला धोका एक टक्क्याहून कमी. शून्य मात्र नाही, कारण कधी कधी तोच बदल आईच्या किंवा वडिलांच्या काही बीजपेशींत (स्त्रीबीज किंवा शुक्रपेशींत) लपलेला असतो. म्हणून पुढच्या गरोदरपणात तपासणीबद्दल विचारा.

“एकच बदल, मग एक मुलगी चालते आणि दुसरी का नाही?” छान प्रश्न. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतं. कुठलं बंद, हे पेशीगणिक वेगळं. चांगलं एक्स जास्त पेशींत चालू राहिलं तर त्रास कमी होऊ शकतो. बदल कुठला आहे, यावरही बरंच ठरतं.

“मग चांगलं जनुक टाका की!” थांबा. २००७ मध्ये शास्त्रज्ञ एड्रियन बर्ड यांच्या गटाने आजारी उंदरांत हे जनुक परत चालू केलं, तेव्हा लक्षणं मागे हटली. मेंदूतल्या चेतापेशी मेलेल्या नव्हत्या, अडलेल्या होत्या. पण हेच जनुक जास्त झालं तर वेगळाच आजार होतो, आणि तो बहुतेक मुलांना. भाजीतल्या मिठासारखं आहे ते.

२०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ट्रोफिनेटाइड या औषधाबद्दल पुढच्या वेळी. त्याने लक्षणं थोडी कमी होऊ शकतात, आजार जात नाही. आणि कृपया कमेंटमध्ये रिपोर्टचे फोटो टाकू नका, त्यावर मुलीचं नाव असतं.