सत्तर किलोंची ओढ पेलणारी मान

नमस्कार मंडळी. बोलायला लागण्याआधी हा तुकडा बघा. माझ्या भाच्याची गिटार टिळक रोडवर स्कूटरवरून पडली. फार उंचावरून नाही, सीटवरून खाली, बस. गिटारच्या पोकळ पेटीला ओरखडासुद्धा नाही, पण खुंट्यांचं डोकं जिथे मानेला मिळतं, तिथून सरळ दोन तुकडे. घरात रंधा-पटाशी माझ्याकडेच, म्हणून पोरगा रडवेला होऊन माझ्याकडे आला. चिकटवून देतो म्हटलं. मग सहज तुटलेल्या जागेवर भिंग धरलं, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. लाकडाच्या शिरा मानेतून सरळ डोक्यात जायच्या ऐवजी तिरक्या होऊन बाहेर पडत होत्या. ते लाकूड मोडलं नव्हतं, उलगडलं होतं. आपण सरपण फोडतो तेव्हा शिरेच्या बाजूने कसं फाकतं, तसं.

मी ३४ वर्षं भोसरीत टूलरूममध्ये काढली. लोखंडाला लाकडासारखी शीर नसते. ते कसंही कापा, वागणूक फारशी बदलत नाही. लाकूड तसं नाही, हे मला वयाच्या साठीला या तुकड्याने शिकवलं. त्यानंतर घरच्या मागच्या गॅलरीत मी हाताने चार माना घडवल्या. त्यातली दुसरी का बिघडली, तेही आज सांगणार आहे.

आधी मानेचं काम काय ते बघू. गिटारच्या सहा पोलादी तारा सुरात लावल्या की सगळ्यांची मिळून साधारण ७० किलो वजनाइतकी ओढ पडते. म्हणजे एक मोठा माणूस त्या मानेला कायम लटकलेला आहे, रात्रीसुद्धा. नायलॉनच्या तारांना ही ओढ चाळीसच्या आसपास असते. इतकं ओझं पेलायचं तर मान जाड हवी. पण तिच्याभोवती डाव्या हाताचा पंजा वळायचा आहे, अंगठा मागून सरकायचा आहे, म्हणजे ती बारीकही हवी. पडदे म्हणजे मानेवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या; त्यातल्या पहिल्या पडद्यापाशी जाडी २१ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. एक मिलिमीटर कमी केला तर काय होणार, असं वाटेल. पण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. २१ चे २० केले की जवळजवळ १४ टक्के ताठपणा गेला. मानेवर रंधा चालवताना हा आकडा मी सतत डोक्यात ठेवतो.

आता पुन्हा या तुकड्याकडे येऊ. गिटारचं डोकं मागे झुकलेलं असतं, साधारण १५ अंशांत. झुकवतात अशासाठी की तारा मेरूवर, म्हणजे मान आणि डोकं यांच्यामधल्या खाचांच्या आडव्या पट्टीवर, दाबून बसाव्यात. मान आणि डोकं एकाच जाड ठोकळ्यातून कापलं तर मानेत शिरा सरळ आणि डोक्यात त्याच शिरा १५ अंश तिरक्या. डोक्याची जाडी १५ मिलिमीटर धरा आणि गणित करा. एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडेपर्यंत शिरेची लांबी फक्त ५८ मिलिमीटर भरते. ज्या लाकडाचा सगळा जोर लांब शिरांत आहे, त्याचे आपण बोटाएवढे तुकडे करून ठेवतो, आणि तेही नेमके जिथे मान सगळ्यात अरुंद असते तिथे.

यावर जुन्या कारागिरांचा उपाय फार सुंदर आहे. वीस मिलिमीटरची सरळ फळी घ्यायची, तिला १५ अंशांत तिरका छेद द्यायचा, कापलेला तुकडा उलटा करायचा आणि त्याच उतारावर खालून चिकटवायचा. आता डोक्यातल्या शिरा डोक्याच्या दिशेने आणि मानेतल्या मानेच्या दिशेने. सांध्याचा उतार मोजला तर ७७ मिलिमीटर लांब भरतो, म्हणजे सरस धरायला भरपूर जागा. कोकणातल्या कोणाच्या घरी आंब्याचं भेटकलम बांधताना पाहिलं असेल तर लगेच कळेल. दोन्ही फांद्या एका बाजूने लांबट तासून, तासलेल्या बाजू भिडवून बांधायच्या, जोड जितका लांब तितका पक्का. लोकांना अखंड लाकडाचं कौतुक असतं, जोड दिसला की मनात शंका येते. मी मात्र हा सांधा असलेलीच मान जास्त भरवशाची मानतो.

लाकूड आणलं कुठून? भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये दोन दिवस फिरलो. पण हवं ते मिळालं शनिवार पेठेतल्या एका पाडलेल्या वाड्याच्या तुळईत. जुना सागवान. आडवा छेद ओला करून पाहिला, तर वर्तुळांच्या रेघा फळीला उभ्या. असं उभ्या रेघांचं लाकूड हवा बदलली तरी कमी पिळतं. इतकी वर्षं छपराखाली वाळलेलं. या शहरात असे वाडे पडताना बघून पोटात तुटतं, आणि त्यातलं लाकूड जळणात जाताना बघून जास्तच तुटतं. सागवानाचे त्रासही आहेत. त्यात वाळूसारखी सिलिका असते, रंध्याचं पातं दर अर्ध्या तासाला दगडावर घासावं लागतं. शिवाय लाकूड तेलकट, म्हणून चिकटवण्याआधी सांधा अ‍ॅसिटोनने पुसून घ्यायचा. आणि आत विसरलेला एखादा खिळा असतोच. माझ्या पात्याला पडलेली खाच अजून आहे.

पुढची मान मी तुणीची करणार आहे. मिरजेला तंबोऱ्याच्या दांडीला तूण वापरतात, ते लाकूड. स्पेनच्या गिटारींच्या मानेला ज्या सेडारची ख्याती आहे, ते झाड आणि आपली तूण एकाच कुळातली. मिरजेचे शिकलगार पूर्वी हत्यारांना धार लावायचे, मग ते तंतुवाद्यांकडे वळले. धार कळणारा हात लाकडात लवकर रमतो, हे मला आता पटतं.

तारांच्या ओढीला तोंड द्यायला मानेच्या आत एक पोलादी सळई बसवतात, ताण कमी-जास्त करता येणारी. ही युक्ती गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यूची, पेटंट १९२३ चं. तिच्यासाठी सहा मिलिमीटर रुंद आणि दहा खोल खाच पाडायची. २१ मधून वरच्या, जिच्यावर पडदे ठोकतात त्या शिसवी पट्टीचे सहा वजा करा, खाली उरले १५, त्यातले दहा खाचेत गेले. मागच्या बाजूला उरलं पाच मिलिमीटर लाकूड. पटाशी मारताना श्वास रोखला जातो तो इथे.

आता पडद्यांकडे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, वाजवणारा ते रागाप्रमाणे सरकवतो. गिटारचे पडदे कायमचे ठोकलेले, एकदा चुकलं की चुकलं. हिशोब असा: मेरूपासून घोडीपर्यंतच्या (पेटीवर तारा जिच्यावर टेकतात ती) लांबीला १७.८१७ ने भागायचं, पहिला पडदा तिथे. ६५० मिलिमीटरला ३६.४८ येतात. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, की दुसरा. बारावा बरोबर मध्यावर, ३२५ वर आला पाहिजे. आखताना मात्र प्रत्येक माप मेरूपासूनच घ्यायचं, एका पडद्यापासून पुढच्यापर्यंत नाही. नाहीतर बारीक बारीक चुका साठत जातात, आणि बाराव्याशी एक मिलिमीटर चुकलं तर पाच सेंटचा फरक पडतो. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दरवर्षी डिसेंबरात सवाई गंधर्वला बसणाऱ्या या शहराच्या कानांत तंबोऱ्याचा गंधार मुरलेला आहे, तारेतून आपोआप उमटणारा. तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. गिटारचा गंधार ४०० वर. कितीही अचूक पडदे ठोका, तो १४ सेंट चढाच राहणार, कारण सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे हे आधीच ठरलेलं आहे. पहिली गिटार वाजवली तेव्हा माझी बायको, जी रोज तंबोरा लावते, म्हणाली, “गंधार जरा वर आहे.” मी तीन दिवस पट्टी मोजत होतो. माझं माप बरोबर होतं आणि तिचा कानही बरोबर होता.

आता ती बिघडलेली मान. ऑगस्टात उत्साहाच्या भरात शिसवी पट्टी चिकटवली, पडदे ठोकले, टोकं कानशीने इतकी घासली की बोट कुठे अडकू नये. एप्रिलमध्ये भाच्याने हात फिरवला आणि बोट कापून घेतलं. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आकसतं. पुण्याच्या पावसाळ्यात ते पाणी पिऊन बसलेलं होतं, उन्हाळ्यात वाळून अरुंद झालं, आणि धातूचे पडदे होते तेवढेच राहिले. चोवीस काटे दोन्ही बाजूंना बाहेर. तेव्हापासून आषाढ-श्रावणात मी फक्त हत्यारांना धार लावतो. फळ्या काठीच्या आधाराने हवेशीर रचून ठेवतो, आणि चिकटवायचं काम दिवाळीनंतर.

शेवटी मागची गोलाई, माझ्या सगळ्यात आवडीचं काम. चौकोनी दांड्याचे कोपरे मारून आधी आठ कडा, मग सोळा, मग गोल. दोन मुठींचा छोटा रंधा धरून चालायचं, शीर उलटी लागली की दिशा बदलायची. उलट्या शिरेवर पातं कुरकुरतं, सरळ शिरेवर नुसतं सळसळतं, आवाजावरून कळतं. दुपारी चारनंतर गॅलरीत ऊन आडवं येतं, तेव्हा मान त्या उन्हात धरायची. फुगीर भागावर सावलीची कड वाकडी होते. पण सावलीलाही जे दिसत नाही ते अंगठ्याला कळतं. ३४ वर्षं मायक्रोमीटर हातात घेऊन काम केलं, तरी मानेच्या बाबतीत शेवटचा शब्द मी अंगठ्याचा मानतो, कारण वाजवणाऱ्याकडेही तेच मोजमाप असतं.

ही चौथी मान रांगेतून पुढे देतोय. अजून पॉलिश केलेली नाही, हात स्वच्छ असले की पुरे. डोळे मिटा आणि अंगठा डोक्याकडून खाली सावकाश आणा. सातव्या पडद्याच्या मागे, किंचित डावीकडे, एक बारीकसा फुगवटा लागेल. ज्यांना लागेल त्यांनी पेन्सिलीने खूण करा, पेन्सिल बरोबरच बांधली आहे. उद्या चार वाजता मी तो काढणार आहे.