वारस नोंदीला पैसे का मागतात?

नमस्कार. समजा, वडील गेले. मृत्यू दाखला घेऊन तुम्ही तलाठी कार्यालयात गेलात, सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायचीत. काम शंभर टक्के कायदेशीर. तरी बाहेर कुणीतरी हळूच म्हणतं, "साहेबांचं बघावं लागेल."

म्हणजे लाच फक्त वाकडं काम करून घ्यायला लागते असं नाही. हक्काचं काम अडवून धरता येतं, म्हणून पैसे मागता येतात. बघा कसं ते. नोंद धरली की नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. पण नोंद धरलीच नाही तर? ते १५ दिवस सुरूच होत नाहीत. तुम्ही खेटे घालत राहता. नाव नाही म्हणून पीककर्ज अडतं, पेरणी तोंडावर येते. अशा वेळी कुणी पैसे दिले, तर त्याला नावं ठेवायला माझी जीभ धजत नाही.

म्हणून अर्ज तोंडी कधीच नको. तारीख-शिक्क्याची पोच घ्या, नाहीतर ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन अर्ज करा. लोकसेवा हक्क कायदा महाराष्ट्रात २०१५ पासून आहे. अधिसूचित, म्हणजे सरकारनं यादीत जाहीर केलेली सेवा मुदतीत दिली नाही तर अपील करता येतं आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. माझ्या मते हा दंड फारच कमी आहे. पण अपील करायलाही हातात तारीख लागते.

तरीही मागणी झालीच, तर १०६४. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल-फ्री नंबर. ते आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी करतात. मग नोटांना फिनॉल्फ्थेलिनची पावडर लावतात. घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवली की पाणी गुलाबी होतं. मात्र नुसत्या गुलाबी पाण्यावर कोर्टात शिक्षा होत नाही, पैसे मागितले होते हेही सिद्ध व्हावं लागतं. म्हणून पैसे देण्याआधी फोन करा.

आणि आधीच देऊन बसला असाल तर? भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत शिक्षेचा. पण बळजबरीनं द्यावी लागली आणि ७ दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलंत, तर कायदा तुम्हाला संरक्षण देतो. तेव्हा पैसे दिल्याची तारीख आजच कुठेतरी लिहून ठेवा, आणि सातवा दिवस उलटू देऊ नका.