आवाजाचं दप्तर

श्रोतेहो, नमस्कार. कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि संध्याकाळी रेडिओवर बोलायचं, ही दोन्ही कामं मी उभ्या नोकरीत बरोबरीने केली. त्यातून एक गोष्ट जिवाला लागून राहिली आहे, ती आज सांगते.

इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यात गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं, त्यांनी गावोगाव फिरून जमवलेली जुन्या कागदपत्रांची दप्तरं सांभाळायला. त्याच वर्षी, २३ जुलै १९२७ला, मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं. एकीकडे कागद जपणारे, दुसरीकडे आवाज पसरवणारे. आणि आपल्या खानदेशाचं कितीतरी धन तर तोंडी होतं. जात्यावरचं, आपल्या कानबाई देवीच्या जागरणातलं, अहिराणीतलं. त्याच्या वाट्याला ना दप्तर आलं, ना मायक्रोफोन.

कवयित्री बहिणाबाई चौधरी १९५१पर्यंत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ओव्या जपल्या, अत्र्यांनी उचलून धरल्या, म्हणून १९५२मध्ये त्या छापून आल्या. शब्द वाचले, चाल मात्र आज जो तो आपापली लावतो. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली, तीही साने गुरुजी उतरवून घेत होते म्हणून राहिली. ज्यांच्याजवळ असं कुणी बसलं नाही, त्यांचं सगळं त्यांच्याबरोबर गेलं.

मी संकलन शिकले ते टेपवर. सेकंदाला साडेसात इंच टेप सरकायची. पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरकं कापायचं, चिकटपट्टीने जोडायचं. खाकरणं, अडखळणं, लांबलेला श्वास, सगळं काढून टाकायचं. एकदा कानबाईची गाणी म्हणणाऱ्या एका आजींची टेप कापायला बसले. एका ओळीआधी त्या थांबल्या होत्या, वीतभर टेप. ब्लेड लावणार, तोच त्या थांबण्यात मागून दुसऱ्या बाईंचा हलका आवाज ऐकू आला. त्या बाई आजींना पुढचा शब्द पुरवत होत्या! गाणं एकटीला येत नसतं, चौघी मिळून ते आठवतात, हे मला कुठल्याच ग्रंथात मिळालं नव्हतं. ती वीतभर टेप मी ठेवली, आणि माझं वर्गातलं शिकवणंही त्यानंतर बदललं.

येत्या श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, तुमच्याकडे कानबाई बसेल. रोट होतील, रात्री गाणी होतील. मोबाइल तर घरोघरी आहे. आधी आजीला विचारा. पंखा बंद करा. मोबाइल हातात धरू नका. घडी घातलेल्या कपड्यावर, तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. तिचं नाव, माहेरचं गाव, गाणं कुणाकडून शिकली, हे तिच्याच तोंडून घ्या. माहेर विचाराच, कारण बाईबरोबर गाणंही सासरी येतं; रावेरकडचं गाणं शिरपुरात भेटतं ते त्यामुळेच. मध्येच कुणी बोललं तर बोलू द्या. आणि नंतर त्यातलं काहीही कापू नका.